मधल्या फळीचा वारसा : खालिद जमील यांची कारकीर्द आणि मुंबईच्या फुटबॉल-संस्थांचा अस्त

१

मराठी वृत्तपत्रांनी फुटबॉलच्या वर्णनासाठी जी परिभाषा रूढ केली, तीत ‘फळी’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. आघाडीची फळी, मधली फळी, बचावाची फळी अशी संघाची तीन अंगे मानली जातात. फळी या शब्दाचा मूळ संबंध युद्धातील रांगेशी आहे. रांगेतील एक माणूस ढळला तर फळी फुटते, हा अर्थ त्यात गर्भित आहे. या तिन्हींपैकी मधल्या फळीचे काम सर्वांत कमी नजरेत भरणारे असते. गोल करण्याचे श्रेय आघाडीला मिळते, गोल वाचवण्याचे श्रेय बचावाला. मधल्या फळीतील खेळाडू चेंडू अडवतो, राखतो आणि पुढे सोपवतो. तो चुकला तरच त्याची विशेष दखल घेतली जाते.

अशा खेळाडूंपैकी अनेक जण पुढे प्रशिक्षक झाले, ही गोष्ट जगभराच्या फुटबॉलमध्ये आढळते. त्याचे कारण स्पष्ट आहे. मैदानाचा दोन्ही बाजूंचा विस्तार सतत डोळ्यांपुढे ठेवण्याची सवय त्याच जागी लागते. महाराष्ट्रात या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खालिद जमील. मुंबईच्या संघांतून मधल्या फळीत खेळलेला हा खेळाडू १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्त झाला. तथापि या कारकिर्दीकडे केवळ एका व्यक्तीच्या उत्कर्षाची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या ज्या संस्थांनी त्यांना घडवले, त्या बहुतेक त्यांच्या मागे एकामागून एक लोप पावल्या. म्हणून या चरित्राचा अभ्यास हा वस्तुतः मुंबईच्या फुटबॉलमधील आश्रयव्यवस्थेच्या अस्ताचा अभ्यास होय. आणि प्रशिक्षकाच्या कार्याचे मोजमाप कोणत्या मापाने करावे, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

२

मुंबईच्या फुटबॉलची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स चषक स्पर्धेचा प्रारंभ १८९१ सालचा. आरंभी ती लष्करी तुकड्यांची स्पर्धा होती. पुढे कलकत्ता, हैदराबाद, गोवा आणि स्वतः मुंबई येथील संघांनी ती गाजवली. कूपरेजचे मैदान या इतिहासाचे केंद्र होय. मात्र कलकत्त्यात जशी मोहन बागान, ईस्ट बंगाल यांसारखी लोकांच्या निष्ठेवर उभी राहिलेली मंडळे होती, किंवा कोल्हापुरात जशी पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम यांसारख्या पेठांच्या तालमींनी फुटबॉलला आपलेसे केले, तसे मुंबईत घडले नाही. मुंबईचा फुटबॉल प्रामुख्याने गिरण्या, कंपन्या, बँका आणि सरकारी उपक्रम यांच्या आधाराने वाढला. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र ही नावे घेतली तरी या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात येते.

या व्यवस्थेत खेळाडूला प्रथम नोकरी मिळे आणि नोकरीबरोबर मैदान मिळे. गुडघा दुखावला तरी हजेरीपटावरचे नाव पुसले जात नसे. खेळ संपल्यावर कचेरीतील टेबल शिल्लक राही. ज्या शहरात राहण्याची जागा हीच सर्वांत महाग वस्तू, तेथे हे आश्वासन लहान नव्हते. परंतु या आश्रयाचा एक मूलभूत दोषही होता. संघाचा धनी प्रेक्षक नव्हता. तो कंपनीचा व्यवस्थापक होता. त्यामुळे खर्चाच्या वहीत एक ओळ खोडली की संघ नाहीसा होई, आणि त्याबद्दल रस्त्यावर कोणी शोक करीत नसे. मुंबईतील अनेक संघांचा शेवट असाच निःशब्दपणे झाला.

३

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेत येथे एका भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलचे पहिले संस्कार तेथेच झाले. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हा त्यांचा बालपणीचा आदर्श सांगितला जातो. तोही मधल्या फळीचाच खेळाडू, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आले आणि पुढील घडण मुंबईत झाली.

१९९७ मध्ये ते महिंद्रच्या संघात आले. १९६२ साली स्थापन झालेला हा संघ मुंबईच्या कंपनी-परंपरेचा अस्सल प्रतिनिधी होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती आणि कंपन्यांच्या संघांना प्रथमच देशव्यापी दीर्घ हंगामाला तोंड द्यावे लागत होते. त्या काळी कलकत्त्याच्या मोठ्या मंडळांचे बोलावणे येणे हा खेळाडूच्या भाग्याचा क्षण मानला जाई. खालिद यांनाही तसे बोलावणे आले होते. परंतु त्या मंडळांना मद्य-उद्योगाचा आश्रय असल्याने त्यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. या निर्णयाचा परिणाम असा झाला, की त्यांची खेळाडू म्हणून असलेली सर्व कारकीर्द एकाच शहरात गेली. १९९८ ते २००२ एअर इंडिया, त्यानंतर पुन्हा महिंद्र आणि अखेरीस मुंबई एफसी, असा तिचा क्रम आहे. भारताच्या राष्ट्रीय संघातूनही ते खेळले.

महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक जिंकला. डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही जिंकली. मुंबईच्या संघाने ही लीग जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. खालिद या काळात त्या संघात होते. परंतु दुखापतींनी त्यांची कारकीर्द पोखरली होती. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते खेळाडू म्हणूनच दाखल झाले, पण तेथे मैदानापेक्षा मैदानाच्या कडेलाच त्यांचा काळ अधिक गेला. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले.

४

मुंबई एफसीमधील सात हंगाम (२००९ ते २०१६) हा या कारकिर्दीचा पाया होय. या काळात संघाने मोठे विजेतेपद मिळवले नाही. आय-लीगच्या गुणतक्त्यात तो बहुधा मध्यावर किंवा तळाजवळ असे. पण तो खालच्या श्रेणीत कधी गेला नाही. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना काही काळ घरचे सामने पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात खेळावे लागले. ज्या संघाला स्वतःच्या शहरात मैदान नाही, त्याला त्या शहरात प्रेक्षकही नसतो. अशा परिस्थितीत श्रेणी टिकवणे हेच उद्दिष्ट ठरते, आणि त्या उद्दिष्टातूनच एक विशिष्ट पद्धत जन्माला येते.

ही पद्धत थोडक्यात अशी सांगता येईल. दोन फळ्यांमधील अंतर कमी ठेवावयाचे, प्रतिस्पर्ध्याला चेंडू राखू द्यावयाचा पण गोलासमोरची जागा द्यावयाची नाही, चेंडू हाती येताच तो त्वरित लांब खेळावयाचा आणि कोपऱ्यावरील किंवा अडलेल्या चेंडूंचा पूर्ण लाभ घ्यावयाचा. टीकाकारांनी या खेळाला नीरस म्हटले, आणि तो आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु ज्याच्याजवळ महाग आघाडीवीर नाहीत, त्याने कोणता दुसरा खेळ खेळावा, याचे उत्तर आक्षेपकांनी क्वचितच दिले. वस्तुतः ही मधल्या फळीतील खेळाडूचीच नीती होय. स्वतःच्या मर्यादा ओळखून रांग न मोडू देणे हे तिचे सार.

दरम्यान भोवतालची रचना ढासळत होती. २०१० मध्ये महिंद्र युनायटेडचा वरिष्ठ संघ बंद करण्यात आला. राष्ट्रीय विजेतेपदाला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. २०१३ मध्ये क्लब-परवान्याचे नवे निकष पूर्ण न झाल्यामुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे नोकरीच्या आधारावर चालणारे संघ आय-लीगमधून वगळले गेले. हे निकष आशियाई महासंघाच्या धोरणातून आले होते. संघ ही स्वतंत्र व्यावसायिक संस्था असावी, खात्याची शाखा नसावी, असा त्यांचा आशय होता. तत्त्वतः हे धोरण चूक म्हणता येत नाही. पण जुनी घरे पाडल्यावर त्या जागी नवी उभी राहतील, ही अपेक्षा मुंबईत अंशतःच खरी ठरली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तीत मुंबईचा एक धनाढ्य संघ आला. कंपन्यांच्या संघांनी एकेकाळी शेकडो खेळाडूंना जो निवारा दिला होता, तो मात्र एका संघाने भरून निघण्यासारखा नव्हता.

५

२०१६ मध्ये मुंबई एफसीशी खालिद यांचा संबंध संपुष्टात आला. पुढे जे घडले ते भारतीय फुटबॉलच्या इतिहासात अपूर्व होते.

मिझोरममधील ऐझॉल एफसी हा संघ २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगच्या खालच्या श्रेणीत उतरला होता. गोव्यातील संघांनी लीगमधून माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा वरच्या श्रेणीत स्थान मिळाले. म्हणजे जो संघ नियमाप्रमाणे स्पर्धेत असावयासच नको होता, त्याचे प्रशिक्षकपद खालिद यांनी स्वीकारले. मुंबई एफसीतील जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे खेळाडूही ऐझॉलला आले. गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स, सीरियाचा महमूद अल-अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान हे त्यांच्याबरोबर होते. बाकीचा संघ प्रामुख्याने स्थानिक मिझो तरुणांचा होता. अल-अम्ना आणि जारयान हे दोघेही मधल्या फळीचे खेळाडू. थोड्या पैशात संघाची रचना करताना प्रशिक्षकाने परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा कोठे खर्च केल्या, हे यावरून स्पष्ट होते.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानचा १-० असा पराभव केला. गोल केला तो बचावपटू झोमिंगलियाना राल्टे याने. त्यानंतर ३० एप्रिलला शिलाँग येथे शिलाँग लाजाँगविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. आरंभीच एक गोल स्वीकारावा लागल्यावर उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागानला ३६ गुण मिळाले. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याचा तो पहिला प्रसंग होय.

याच हंगामात मुंबई एफसी दहा संघांत शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत तो दिसला नाही. सात वर्षे ज्या प्रशिक्षकाने श्रेणी टिकवली, तो गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात ती गेली, आणि त्याच हंगामात तो प्रशिक्षक देशातील सर्वोच्च लीग जिंकून गेला. एवढ्यावरून सर्व कारणे एका व्यक्तीच्या ठिकाणी शोधणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि गुणतक्त्याच्या मध्यावर राहणे हेही एक कर्तृत्व असते आणि ते करणारा निघून जाईपर्यंत त्याची किंमत कळत नाही, एवढा निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो.

६

ऐझॉलनंतरचा प्रवास सरळ चढणीचा नाही. २०१७-१८ मध्ये ईस्ट बंगालबरोबर लीगमध्ये चौथा क्रमांक मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावर मोहन बागानची जबाबदारी आली. तो संघ पाचवा राहिला. ज्या शहराचे बोलावणे खेळाडू म्हणून नाकारले होते, त्या शहराच्या दोन्ही मोठ्या मंडळांनी प्रशिक्षक म्हणून त्यांना फार काळ ठेवले नाही.

इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपद जवळजवळ संपूर्णपणे परदेशी व्यक्तींकडे असे. भारतीय प्रशिक्षकाची जागा बहुधा साहाय्यकाची. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने स्पेनचे जेरार्ड नूस यांना दूर केले, तेव्हा साहाय्यक असलेले खालिद हंगामी प्रमुख झाले. लीगचे उरलेले ९ सामने संघाने एकही पराभव न पत्करता खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले. संघ तिसरा आला. भारतीय प्रशिक्षकाने या लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत संघ नेण्याचा तो पहिला प्रसंग होता. तेथे एटीके मोहन बागानकडून एकूण २-३ अशा फरकाने पराभव झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना पूर्णवेळ प्रमुख नेमण्यात आले. या लीगमध्ये असे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. परंतु त्या हंगामात संघ अकरांपैकी दहावा आला. हे अपयश झाकण्याचे कारण नाही.

३१ डिसेंबर २०२३ रोजी ते जमशेदपूरकडे गेले, तेही हंगामाच्या मध्यावरच. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर पाचव्या स्थानी राहून बाद फेरीत पोचला. उपांत्य फेरीचा पहिला सामना त्यांनी मोहन बागानविरुद्ध २-१ असा जिंकला, दुसरा ०-२ असा गमावला. त्याच वर्षी सुपर कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३ असा पराभव झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे त्यांना उत्कृष्ट प्रशिक्षक ठरवले.

या नोंदी एकत्र मांडल्या असता एक सूत्र दिसते. मुंबई एफसी सोडल्यास त्यांना दीर्घ मुदत कोणी दिली नाही. बहुतेक ठिकाणी बोलावणे आले ते दुसरा कोणी अयशस्वी झाल्यावर, आणि साधने असत ती दुसऱ्याने निवडलेली.

७

राष्ट्रीय संघाचे पद आले तेही अशाच प्रसंगी. स्पेनचे मानोलो मार्केस यांनी पद सोडले होते. आशिया चषकाच्या पात्रता-स्पर्धेत भारताने पहिल्या दोन सामन्यांत एकच गुण मिळवला होता, आणि लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार अनिश्चित झाल्यामुळे २०२५-२६ चा हंगामच स्थगित होता. २०११-१२ मधील गोव्याचे साव्हियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय व्यक्ती या पदावर आली.

ताजिकिस्तानात झालेल्या मध्य आशियाई राष्ट्र-चषक स्पर्धेत आरंभ चांगला झाला. ही स्पर्धा फिफाच्या ठराविक कालखंडाबाहेरची असल्याने मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते. तरीही २९ ऑगस्ट रोजी भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले. इराणकडून ०-३ असा पराभव, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी आणि तिसऱ्या स्थानासाठी ८ सप्टेंबर रोजी ओमानवर पेनल्टींवर विजय, असा पुढील क्रम होता. परंतु खरी कसोटी पात्रता-स्पर्धेची होती. सिंगापूर येथे १-१ अशी बरोबरी झाल्यावर १४ ऑक्टोबर रोजी मडगावात भारत १-२ असा हरला आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबर रोजी ढाक्यात बांगलादेशाकडूनही ०-१ अशी हार पत्करावी लागली.

येथे आफ्रिकेतील एक समकालीन उदाहरण उद्बोधक ठरते. सेनेगलचे अलियू सिसे यांचा जन्म १९७६ चा. तेही मधल्या फळीतील बचावात्मक खेळाडू. २००२ च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात ते कर्णधार होते आणि कॅमेरूनविरुद्ध पेनल्टी चुकण्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. २०१५ मध्ये सेनेगलने त्यांना राष्ट्रीय प्रशिक्षक केले. २०१९ च्या अंतिम सामन्यात अल्जीरियाकडून पराभव झाल्यावरही त्यांना काढले नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी इजिप्तला पेनल्टींवर हरवून सेनेगलने पहिल्यांदा आफ्रिका चषक जिंकला. ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, सिसे त्या पदावर होते. सेनेगलचे खेळाडू युरोपातील लीगमध्ये घडतात, भारताचे नव्हेत. म्हणून ही तुलना मर्यादितच ठेवली पाहिजे. परंतु एक गोष्ट तीतून स्पष्ट होते. पहिल्या पराभवानंतर सिसे यांना जो अवधी मिळाला, तोच दुसऱ्या अंतिम सामन्यात फळास आला. स्वदेशी प्रशिक्षक नेमणे हा निर्णय एका दिवसाचा असतो. त्याला काळ देणे हा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो.

८

या सर्व विवेचनावरून प्रशिक्षकाच्या मूल्यमापनाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. केवळ निकाल पाहिले तर खालिद जमील यांच्या नावावर एक राष्ट्रीय लीग, काही उपांत्य व अंतिम फेऱ्या आणि काही ठळक पराभव आहेत. साधने आणि काळ ही दोन मापे बरोबर घेतली तर त्याच नोंदी वेगळा अर्थ सांगतात. विस्कळीत, गरीब किंवा मध्यंतरी सोडून दिलेला संघ कोसळू न देणे हे त्यांचे सातत्याचे कार्य. जेथे उत्तम साधने आणि मोकळा काळ मिळाल्यावर संघ उभारण्याचा प्रश्न येतो, तेथे त्यांची परीक्षा अद्याप पूर्णपणे झालेलीच नाही. गुणगान आणि दोषारोप दोन्ही करणाऱ्यांनी हा भेद पाळणे आवश्यक आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र अधिक गंभीर प्रश्न दुसराच आहे. बुलढाण्याचा प्रथमेश जवकार २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजीत सुवर्णपदक जिंकतो, तेव्हा एखाद्या जिल्ह्यातूनही जागतिक दर्जाचा खेळाडू उभा राहू शकतो हे सिद्ध होते. परंतु तिरंदाजी हा वैयक्तिक खेळ आहे. त्याला मैदान, मार्गदर्शक आणि चिकाटी पुरी पडते. फुटबॉलला त्याखेरीज मंडळ लागते, लीग लागते, वेतन लागते आणि दुखापतीच्या काळात धीर देणारी संस्था लागते. खालिद यांना १९९७ मध्ये मुंबईत अशा संस्था मिळाल्या, आणि म्हणूनच पुढे एक प्रशिक्षक घडू शकला. आज त्याच वयाचा बुलढाण्याचा किंवा भायखळ्याचा मुलगा महिंद्रकडे जाऊ शकत नाही, मुंबई एफसीकडेही जाऊ शकत नाही. ते दोन्ही संघ उरले नाहीत. रांगेतील माणसे एक-एक करून गळाली की फळी फुटते, हा त्या शब्दाचा जुना अर्थ मैदानाइतकाच संस्थांच्या इतिहासालाही लागू आहे.